मलिक अंबर अंधारातून आला नव्हता

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर याच्या मृत्यूला (१६२६) यंदा चारशे वर्षे होत असल्याच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. खडकीची (आजच्या छत्रपती संभाजीनगरची) स्थापना, तिथली नहर, जमिनीची मोजणी करून बसवलेली जमाबंदी, १६२४ ची भातवडीची लढाई, हे सारे लेखकाने मेहनतीने मांडले आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखाच्या पहिल्या वाक्याबद्दल. त्या वाक्यात अंबराला अंधाऱ्या खंडातून आलेला एक अनाम गुलाम म्हटले आहे, आणि पुढच्या संपूर्ण पानात त्या खंडाविषयी आणखी एक अक्षरही नाही. जणू त्याचे आयुष्य दख्खनच्या बाजारात त्याची किंमत ठरली त्या दिवशी सुरू झाले आणि त्याआधी जे काही होते ते नोंद घेण्याजोगे नव्हते.

हे मी चूक काढण्याच्या हौसेने लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत मी एकोणतीस वर्षे इतिहास शिकवला आणि अंबराचा धडा मीही असाच शिकवला. वर्गात एक सावळा मुलगा होता. धडा झाल्यानंतर बाकीची पोरे त्याला ‘हबशी’ म्हणून चिडवू लागली. हबशी म्हणजे कुठले, असे त्याने मला विचारले, तेव्हा आफ्रिकेतून आणलेले गुलाम, एवढेच उत्तर मी दिले आणि फळा पुसून पुढच्या वर्गाला गेलो. ते उत्तर किती अपुरे होते, हे कळायला मला निवृत्तीनंतरची वर्षे लागली. ‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ या देशनामावरून आलेला आहे, आणि इथिओपिया व इरिट्रिया या देशांतील अनेक लोक आजही स्वतःला ‘हबेशा’ म्हणवतात, तेही अभिमानाने. ज्या शब्दाने आमच्या वर्गात एक मूल रडवेले झाले, तो शब्द एका समाजाने स्वतःसाठी वापरलेले स्वतःचे नाव आहे.

अंबरही अनाम नव्हता. सुमारे १५४८ साली आजच्या इथिओपियात जन्मलेल्या त्या मुलाचे मूळ नाव चापू असे नोंदले गेले आहे. ‘अंबर’ हे नाव पुढे मालकाकडून मिळाले. अंबर म्हणजे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी सुगंधांची आणि रत्नांची नावे देण्याची चालच होती, म्हणून त्या काळच्या दख्खनमध्ये अंबर, संदल, याकूत अशी नावे वारंवार भेटतात. आपण पोळ्याला बैलांना हिरा, मोती म्हणतो, त्यामागचे मन फारसे वेगळे नसावे. नाव लाडके असते, पण ते धन्याने ठेवलेले असते.

आता तो ‘अंधार’ पाहू. चापूच्या देशात चौथ्या शतकात अक्सूम या प्राचीन राज्याचा राजा एझाना राज्य करीत होता. त्याच्या टाकसाळीतून सोन्याची नाणी पडत होती आणि त्याचे शिलालेख गीझ या तिथल्या भाषेची लिपी, दक्षिण अरबस्तानातली सबाई आणि ग्रीक अशा तीन लिपींत कोरलेले आढळतात. गीझची लिपी तेव्हापासून आजतागायत अखंड वापरात आहे. चापूच्या जन्माच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी लालिबेला येथे अखंड खडक वरून खाली फोडत नेऊन अकरा चर्च कोरली गेली. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही: आधी कळस, मग भिंती, शेवटी पाया. अंबराची कबर खुलताबादला आहे, म्हणजे कैलास लेण्यापासून हाकेच्या अंतरावर. कळसापासून पायाकडे मंदिर कोरणाऱ्या जगातल्या मोजक्या प्रदेशांपैकी एका प्रदेशात तो जन्मला आणि दुसऱ्या प्रदेशात पुरला गेला. हा योगायोग आपल्या लेखकाच्या नजरेतून सुटला, याचे मला वाईट वाटले.

त्याच्या जन्माच्या वेळी तो देश सुखात होता असे मात्र नाही. १५२९ ते १५४३ या काळात इथिओपियाचे ख्रिस्ती राज्य आणि शेजारची अदलची मुस्लिम सल्तनत यांच्यात भीषण युद्ध झाले. इथिओपियाच्या मदतीला आलेल्या पोर्तुगीज तुकडीचा नायक क्रिस्तोव्हाव द गामा हा आपल्याला पाठ असलेल्या वास्को द गामाचा मुलगा होता, आणि तो तिथेच पकडला जाऊन मारला गेला. अशा लढायांत पकडलेली माणसे विकली जात. इथिओपियात हिंदुस्थानी कापडाला मोठी मागणी होती आणि त्या कापडाच्या मोबदल्यात जे बाहेर जाई त्यात सोने आणि हस्तिदंत यांच्याबरोबर माणसेही असत. अंबराची गोष्ट सांगताना आपण विकणाऱ्या अरबांचे नाव घेतो, पण कापडाच्या गठ्ठ्यांकडे सोयीस्कर डोळेझाक करतो.

अंबराचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाहीत. जे पोहोचले ते त्याच्याविषयीचे, आणि तेही बरेचसे त्याच्या शत्रूंचे. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून त्याला शिव्या घातल्या आहेत. इतक्यावर न थांबता, प्रत्यक्षात कधीच न मिळालेला विजय त्याने चित्रात मिळवला: भाल्यावर टांगलेल्या अंबराच्या मुंडक्यावर जहांगीर बाण सोडतो आहे, असे चित्र त्याचा दरबारी चित्रकार अबुल हसन याने काढले. अंबर त्यानंतर सुमारे दहा वर्षे जिवंत राहिला आणि मोगलांना हैराण करीत राहिला, ही बाब वेगळी. आपल्या वऱ्हाडाचाही या माणसांशी जुना संबंध आहे. इमादशाही बुडून वऱ्हाड निजामशाहीत गेले ते १५७४ साली, आणि त्या वेळचा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतः हबशी होता, कधीकाळी विकला गेलेला. अंबराला दख्खनमध्ये ज्याने विकत घेतले तो हाच. गाविलगड आणि नरनाळ्याच्या इतिहासात आपण इमादशहांची नावे घोकतो. ती सत्ता संपली तेव्हा समोरच्या दरबाराचा कारभार एका आफ्रिकी माणसाच्या हाती होता, हे मी कोणत्याच वर्गात सांगितले नव्हते.

पण अंबर बोलला नाही म्हणून आफ्रिका बोलली नाही, असे नव्हे. त्याच्या जन्माच्या बावीस वर्षे आधी, १५२६ साली, काँगोचा राजा पहिला अफोन्सो याने पोर्तुगालच्या राजाला लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. हा राजा बाप्तिस्मा घेतलेला, पोर्तुगीज जाणणारा आणि आपल्या राज्यात शाळा व्हाव्यात म्हणून झटणारा होता. तुमचे व्यापारी रोज आमची माणसे पळवून नेतात, त्यांत सरदारांची मुले आणि आमचे नातलगही असतात, देश ओस पडत चालला आहे, तेव्हा आम्हाला व्यापारी आणि माल नको, धर्मोपदेशक आणि शिक्षक तेवढे पाठवा, असे तो कळवतो. सवलत ठेवतो ती फक्त चर्चमधील विधीसाठी लागणारे मद्य आणि पीठ यांची. काही महिन्यांनी त्याने तीन अधिकारी नेमले. विकायला आणलेला प्रत्येक माणूस खरोखर कायदेशीर कैदी आहे की पळवून आणलेला, हे तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. म्हणजे त्याचा स्वतःचा विरोध गुलामगिरीला नव्हता, आपली माणसे पळवण्याला होता. तो राजा आजच्या मोजमापाने स्वच्छ ठरत नाही. तरीही अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांच्या इतिहासात, ज्यांपैकी जवळपास अठरा लाख वाटेतच मेली, त्या व्यापाराच्या अगदी आरंभी एका आफ्रिकी राजाने लेखी हरकत घेतली होती, ही गोष्ट लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश धर्मोपदेशकाच्या आफ्रिकेतील प्रवासाइतकीच आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

अंबराचा खरा समकालीन मात्र मला आजच्या माली देशातल्या टिंबक्टूचा विद्वान अहमद बाबा वाटतो. जन्म १५५६, मृत्यू १६२७. अंबराच्या मृत्यूनंतर अवघ्या एका वर्षाने. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सैन्याने टिंबक्टू ज्यात होते ते सोंघाय राज्य जिंकले, त्यानंतर या विद्वानाला बेड्या घालून वाळवंटापलीकडे मराकेशला नेले गेले. माझ्या नातलगांत माझाच ग्रंथसंग्रह सर्वांत लहान होता, तरी त्यातली १६०० पुस्तके लुटली गेली, अशी खंत त्याने बोलून दाखवल्याचे नमूद आहे. त्या काळी आपल्या वऱ्हाडात एका माणसाच्या घरी किती पोथ्या असतील, याचा वाचकांनी आपापल्या मनाशी अंदाज बांधावा. सुटून घरी परतल्यावर १६१५ साली त्याने गुलामगिरीविषयीच्या प्रश्नांना लेखी उत्तर दिले, आणि माणसाचा काळा रंग हे त्याला गुलाम करण्याचे कारण असूच शकत नाही, असे त्यात स्पष्ट बजावले. मुसलमान नसलेल्या युद्धकैद्याला गुलाम करणे मात्र त्यालाही मान्य होते. त्याच शहरातली हजारो हस्तलिखिते २०१२ मध्ये अतिरेक्यांच्या ताब्यात जाऊ नयेत म्हणून तिथल्या लोकांनी पत्र्याच्या पेट्यांत भरून, गाढवांच्या गाड्यांतून आणि होड्यांतून राजधानी बामाकोला पोहोचवली. मालीचा जुना सम्राट मनसा मूसा याचे सोने अलीकडे मोबाईलवर सगळ्यांनीच पाहिले आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. या पेट्या मला त्या सोन्याहून मोलाच्या वाटतात.

लिहिलेले नाही तिथे इतिहासच नाही, असे आपण शिक्षक मंडळी धरून चालतो. हेगेलसारख्या तत्त्ववेत्त्यानेही आफ्रिकेला जगाच्या इतिहासातून वगळले होते. पण पश्चिम आफ्रिकेत मांदे लोकांमध्ये वंशपरंपरेने इतिहास सांगणाऱ्यांची घराणी आहेत. त्यांना तिथे ‘जेली’ म्हणतात आणि या शब्दाचा एक अर्थ रक्त असाही होतो. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाताची कथा कुयाते घराण्याने पिढ्यानपिढ्या गाऊन जपली, आणि त्या काळचे म्हणून मानले जाणारे लाकडी पट्ट्यांचे एक वाद्य गिनी देशातल्या नियागासोला गावी याच घराण्याच्या सांभाळात आहे. हे वाचताना मला आमच्या भागातले परधान आठवले. केळापूर, पांढरकवडा, घाटंजी या बाजूच्या गोंड घरांमध्ये परधान येतो, किंगरी वाजवतो, कुळाची नावे, देवांच्या कथा आणि लिंगोची गाथा सांगतो, आणि यजमान त्याला दान देतो. चांदागड आणि देवगडच्या गोंड राजांविषयी आपण आज जे छापील वाचतो ते मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या गॅझेटियरांमधले आहे. त्यांनीही ते अशाच कुणाच्या तोंडून ऐकले होते, फक्त छापताना सांगणाऱ्याचे नाव गळाले. परधान बसला असताना मी कित्येकदा त्या घरांवरून सायकलने गेलो आहे आणि एकदाही थांबलो नाही. शाळेत मला ‘गोंडवनातील राजवटी’ हा पाठ घ्यायचा होता.

गाणारे खोटे सांगत नाहीत, असा माझा दावा नाही. भाट यजमानाची स्तुती करतो, जेलीही करतो; दात्याच्या आजोबाचा पराभव गाण्यात सहसा येत नाही. म्हणून तर स्वातंत्र्यानंतरच्या आफ्रिकी इतिहासकारांनी या कथा जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. एका घराण्याची कथा दुसऱ्या घराण्याच्या कथेशी ताडून, उत्खननाशी आणि अरबी लेखांशी जुळवून त्यांनी त्या पारखल्या. १९६४ साली युनेस्कोने आफ्रिकेचा सर्वसाधारण इतिहास लिहवून घेण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्याच्या समितीत बहुसंख्य आफ्रिकीच असतील असे ठरले, आणि बुर्किना फासोचे जोसेफ की-झेर्बो यांनी संपादित केलेल्या पहिल्याच खंडात मौखिक परंपरेला साधन म्हणून मानाचे स्थान मिळाले. गुलामांच्या व्यापारात दाहोमीसारख्या आफ्रिकी राज्यांचाही हात होता, हे आफ्रिकेतल्या इतिहासकारांनीही लपवलेले नाही. आफ्रिकेच्या बाजूने पाहणे म्हणजे तिची भलामण करणे नव्हे.

आणि जिथे लेखी पुरावा नव्हता पण दगडी पुरावा होता, तिथे काय झाले? अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान शोना लोकांच्या पूर्वजांनी चुना न वापरता, दगडावर दगड रचून ग्रेट झिंबाब्वेच्या भिंती उभारल्या; काही ठिकाणी त्या छत्तीस फूट उंच आहेत. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोहोचला आणि हे काम बायबलमधल्या शेबाच्या राणीचे असणार, असे त्याने ठरवून टाकले. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननाच्या आधारे ते आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवले, तरीही ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारला ते पचले नाही, आणि माहितीपत्रकांत दुसऱ्या कुणाला तरी श्रेय देण्यासाठी तिथल्या अभ्यासकांवर दडपण आणले गेले. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांनी देशालाच त्या दगडी घरांचे नाव दिले. त्या अवशेषांत हिंदुस्थानी काचमणी सापडले आहेत, हेही जाता जाता सांगतो. आपले मणी तिथे पोहोचले होते, आपली उत्सुकता मात्र पोहोचली नाही.

बुलढाण्यातील वाचकांना ही गोष्ट नवी वाटू नये. लोणारचे सरोवर १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ‘शोधून काढले’, असे आपणही निबंधात लिहितो. त्याच्या कित्येक शतके आधी तिथे दैत्यसूदनाचे मंदिर उभे होते, आणि आइने अकबरीतही लोणारची नोंद आहे. मग आफ्रिकेतल्या ज्या व्हिक्टोरिया धबधब्याला तिथले लोक ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर, म्हणत आले, तो १८५५ मध्ये लिव्हिंग्स्टनने शोधला, असे आपण मुलांना कोणत्या तोंडाने शिकवतो?

भाषेचा मुद्दा तर याहून मोठा. १८८९ मध्ये इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक आणि इटली यांच्यात वुचाले येथे करार झाला. त्याच्या सतराव्या कलमाच्या अम्हारिक, म्हणजे इथिओपियाच्या भाषेतल्या, मसुद्यात असे होते की, परराष्ट्रांशी व्यवहार करताना सम्राट वाटल्यास इटलीची मदत घेऊ शकेल. इटालियन मसुद्यात मात्र तीच मदत बंधनकारक होती, आणि त्या एका क्रियापदाच्या जोरावर इटलीने इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली असल्याचे युरोपभर जाहीर करून टाकले. मेनेलिकने करार झुगारला, आणि १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे त्याच्या फौजेने इटलीच्या सैन्याचा धुव्वा उडवला. सम्राज्ञी तायतू स्वतः त्या मोहिमेत होती. इटालियन कागद वाचणाऱ्याला ही लढाई बंडखोरी वाटेल, अम्हारिक कागद वाचणाऱ्याला ती स्वतःचा शब्द राखणे वाटेल. सातबारा आपल्याला न कळणाऱ्या भाषेत लिहिला गेला तर काय होते, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे.

शेतकऱ्याचा विषय निघाला म्हणून आणखी थोडे. आमच्या गावात अजूनही ज्यांच्या वावरात ज्वारी उभी असते, त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटते की ज्वारी मूळची इथली नाही. सुदानच्या पूर्व भागातील शेतकऱ्यांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी रानगवतातून निवडत निवडत ती माणसाळवली, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती हिंदुस्थानात आली. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, चवळी आफ्रिकेतली, आणि धुऱ्यावरची अंबाडीही तिकडचीच मानली जाते. कोणते कणीस टपोरे आहे आणि कोणते पुढच्या पेरणीसाठी राखावे, हे ज्या कुणी हाताने ठरवले, त्यांचे नाव कुठल्याही ग्रंथात नाही. हुरडा खाताना मला अलीकडे त्यांची आठवण येते, आणि ज्यांनी आपल्या भाकरीचे धान्य घडवले त्यांच्या भूमीला अंधारी म्हणताना आपली जीभ कशी अडखळत नाही, याचेही नवल वाटते.

कापसाचे नाते अधिक बोचरे आहे. वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला तो १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. तिथे सुमारे चाळीस लाख गुलाम होते आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा बहुतांश कापूस त्यांच्या हातून वेचला जात होता. तो अडला म्हणून व्यापाऱ्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली, आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. युद्ध संपताच भाव कोसळले. तेव्हापासून आपल्या शेतकऱ्याचे नशीब दूरच्या बाजाराला बांधले गेले, आणि त्या दोरीचे दुसरे टोक आफ्रिकेतून पळवून नेलेल्या माणसांच्या नातवंडांच्या हातात होते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली ती बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी. आपल्या बाजार समितीत ज्या भावावरून आरडाओरड होते त्याच भावाबद्दल ते भांडत होते, पण त्या वर्षी आमच्या तालुक्यात कुणाच्याही तोंडी या देशांचे नाव मी ऐकले नाही.

लेखाखालच्या टिपेत या मालिकेची पुस्तिका काढून ती ग्रामीण शाळांना देण्याचा आपला मनोदय व्यक्त झाला आहे, म्हणून हे पत्र वेळेत पोहोचावे अशी इच्छा आहे. पुस्तिका छापण्यापूर्वी पहिले वाक्य बदलावे. त्यात चापू हे नाव यावे, त्याचा देश यावा, आणि ‘हबशी’ या शब्दाचा खरा अर्थ तळटिपेत न ढकलता मजकुरातच द्यावा. जागा कमी पडत असेल तर लढायांची एखादी यादी गाळली तरी चालेल. लढाया मुलांना पाठ असतात. शेवटच्या पानावर मुलांसाठी उपक्रम देणार असाल, तर आपापल्या गावातल्या परधानाकडून, शाहिराकडून किंवा आजीकडून ऐकलेला इतिहास सांगणाऱ्याच्या नावासह लिहून आणणे, हा एक उपक्रम त्यात घालावा. पहिल्या पाच वह्या तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ